परमुलखी जाताना

(देवस्थानच्या वार्षिकोत्सवात सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या मंडपात कीर्तन-प्रवचने व्हावयाची. तेथे यंदा समितीने माझ्यासारख्या निवृत्त हिशेबनिसाला उभे केले आहे, आणि विषय दिला आहे परदेशी जाताना घ्यावयाच्या खबरदारीचा. कारण उघड आहे. आखातात, बोटीवर किंवा विलायतेत कोणीच नाही, असे आपल्यातील घर आता शोधूनच काढावे लागेल. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी देव नदीपार आणले, तेव्हा त्यांच्यापाशी पासपोर्ट नव्हते. परंतु होडीत कोणी बसावयाचे आणि पैलतीरी कोणाकडे उतरावयाचे, हे त्यांनी निघण्यापूर्वी ठरविले असणार, असे मला वाटते. आपली मुले मात्र पुष्कळदा एवढेही न ठरविता निघतात.

१९९० साली मी कुवेतमध्ये एका व्यापारी पेढीत नोकरीस होतो. २ ऑगस्टच्या पहाटे इराकी फौजा शहरात शिरल्या. आम्हा सर्वांचे पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, आणि मालक युरोपात. बँका बंद पडल्या. साठविलेले दिनार पाहता पाहता कवडीमोल झाले. माझ्या खोलीतील एका वडीलधाऱ्या केरळी गृहस्थांनी मी आलो त्याच आठवड्यात मला पासपोर्टाची झेरॉक्स काढावयास लावली होती. त्या वेळी मी त्यांना मनातल्या मनात हसलो होतो. तीच घडी सदऱ्याच्या अस्तरात शिवून मी बसने बसरा, बगदाद आणि पुढे जॉर्डनच्या सरहद्दीकडे निघालो. वाळवंटातील छावणीत पाण्यासाठी रांग, सावलीसाठी रांग. अम्मानला पोहोचल्यावर त्या नकलेवरून माझी ओळख पटली आणि दुसऱ्याच दिवशी परतीचा कागद हाती पडला. माझ्याच पेढीतील एक सोबती काहीही पुरावा नसल्यामुळे अकरा दिवस तेथेच राहिला. त्या मोहिमेत सुमारे १,७०,००० भारतीय मायदेशी आले. ५९ दिवसांत विमानांच्या ४८८ फेऱ्या झाल्या. फेऱ्या मोजल्या गेल्या, रांगेतले दिवस कोणी मोजले नाहीत.

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, असे १९६७ चा आपला कायदा सांगतो. कतार व अमिरातीत मालकाने तो अडकवून ठेवण्यास मनाई आहे. तरीही तो मागितला जातो, आणि नवखा मुलगा भिडेखातर देतो. म्हणून नकला काढा. एक सामानात, एक घरी आईपाशी, एक मोबाइलमध्ये. व्हिसा आणि नोकरीचा करार यांचीही तीच व्यवस्था करा.

आता दलालांविषयी. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याने सरकारकडे नोंदणी केली पाहिजे, असे बंधन १९८३ च्या कायद्याने घातले. तो नोंदणी क्रमांक मागावयास आपल्याला संकोच वाटतो, कारण दलाल बहुधा कोणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीचा असतो! थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमाभागात कोंडून त्यांच्याकडून लोकांना फसविण्याची कामे करून घेतल्याचे २०२२ पासून उघडकीस आले. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून अधिक जणांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. नोकरीसाठी बोलावणारा पर्यटकाचा व्हिसा हाती ठेवतो, तेथेच पाऊल थांबवावे.

भगिनींसाठी एक घरगुती गोष्ट. लेकीच्या बाळंतपणासाठी आमची मंडळी शारजाला निघाली. डिंकाचे लाडू, नेवऱ्या, आणि वेगळ्या पुडीत पावशेर खसखस! निघण्याच्या आदल्या रात्री माझी नजर त्या पुडीवर गेली. अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. सिंगापुरातही तिच्यावर निर्बंध आहेत. मग पुडी काढली, पण लाडवांत घातलेली खसखस आठवेना का! सगळा डबा शेजाऱ्यांच्या पोरांनी फस्त केला. औषधांचेही असेच आहे. खोकल्याची कोडीनयुक्त बाटली किंवा ट्रामाडॉलची गोळी येथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. तेथे पूर्वपरवानगी नसेल तर तीवरून अटक होऊ शकते. आणि विमानतळावर अनोळख्याची पिशवी दयाबुद्धीने हाती घेऊ नये, मग तो आपल्या गावचा का असेना.

अटक झालीच, तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराने परकीय माणसाला आपल्या वकिलातीला कळविण्यास सांगण्याचा हक्क दिला आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात याच कलमाचा भंग झाल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. हक्क असतो, पण तो मागावा लागतो. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करण्यापूर्वी तो मागावा.

येथे आपल्या गोमंतकीयांपुरते एक अवघड सांगतो. पोर्तुगालचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर भारतीय नागरिकत्व १९५५ च्या कायद्याने संपते. मग संकटात भारतीय वकिलातीचे दार ठोठावून उपयोग नाही. लिस्बनचे दार शोधावे लागते. दोन्ही पासपोर्ट खिशात बाळगणारे स्वतःला चतुर समजतात, पण तो गुन्हा आहे. जो देश निवडला असेल, त्याच्या वकिलातीचा क्रमांक लिहून ठेवा.

वेळ संपत आल्याची खूण अध्यक्ष करीत आहेत. आरतीनंतर मी अग्रशाळेत थांबणार आहे. ज्यांची मुले येत्या महिन्यात निघणार आहेत, त्यांनी नोकरीचा करार घेऊन यावे. आपण बसून ओळीन् ओळ वाचू.