वादळाचा हिशेब कोणाच्या नावावर



आपण या पदाला कसे अपात्र आहोत, हे साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षाने आधी पाच मिनिटं सांगायचं असा रिवाज आहे. ती पाच मिनिटं मी वाचवतो. मुलुंडच्या या सभागृहातून अंधेरी-बोरिवलीला परतणाऱ्यांना पुढे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता पार करायचा आहे, याची मला कल्पना आहे.

विषय साहित्यबाह्य वाटेल. मला पेट्रोलच्या भावाबद्दल आणि वादळाबद्दल बोलायचं आहे.

२९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. लिटरला १०० रुपये १९ पैसे. त्याच्या बारा दिवस आधी, १७ मे रोजी, तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं होतं. कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले आणि सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस मोजला, तोही मे महिन्यात. वादळ आलं, समुद्रातलं तेलाचं काम थांबलं, म्हणून भाव चढला, अशी सांगड घालणारे तेव्हा बरेच भेटले. सांगड सोयीची होती, कारण वादळावर कोणी मोर्चा काढत नाही.

खरी गोष्ट अशी की भाव ४ मेपासूनच चढत होते. पश्चिम बंगालसह पाच विधानसभांचे निकाल २ मे रोजी लागले, तोवर ते निवडणुकीच्या मुहूर्तासाठी दबा धरून बसले होते. लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे केंद्राचं उत्पादन शुल्क होतं, वर राज्याचा व्हॅट. गिऱ्हाईक मोजत होतं त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम कराची होती. तौक्तेचा त्यात एक पैसाही नव्हता.

उलटा दाखला घ्या. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ आलं. दिवसचे दिवस ते अरबी समुद्रात घुटमळलं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं. देशातली सर्वात मोठी तेलशुद्धीकरण केंद्रं त्याच किनाऱ्यावर. बंदरं बंद झाली, जहाजं खोल समुद्रात पाठवली गेली. आणि आपल्या पंपावर? १०६ रुपये ३१ पैसे. वादळाच्या आधी तेच, वादळात तेच, नंतरही तेच. जुलै २०२२ ते मार्च २०२४ हा आकडा तसूभर हलला नाही. कागदोपत्री मात्र पेट्रोलचा भाव २०१० पासून नियंत्रणमुक्त आणि २०१७ पासून रोज बदलणारा आहे.

अमेरिकेत असं होत नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आलं, बरंचसं समुद्रसपाटीखाली वसलेलं न्यू ऑर्लिन्स बुडालं, मेक्सिकोच्या आखातातल्या विहिरी आणि काठावरची शुद्धीकरण केंद्रं बंद पडली. कच्चं तेल पिंपाला ७० डॉलरच्या वर गेलं आणि तिथल्या पंपांवरचे आकडे काही दिवसांतच उडाले. तिथे पंपवाला आपला भाव आपण ठरवतो, त्यामुळे वादळ थेट फलकावर उतरतं. आपल्याकडे बहुतेक कच्चं तेल आयात होतं. मुंबईसमोरच्या समुद्रातून निघणारं तेलही आंतरराष्ट्रीय भावानेच मोजलं जातं. चार दिवस आपल्या विहिरी थांबल्या तरी जगाच्या बाजाराला त्याची खबर लागत नाही. फलकावर काय लिहायचं ते शेवटी दिल्ली आणि मंत्रालय ठरवतात. गंमत बघा, २०१५ साली राज्य सरकारने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये अधिभार लावला. म्हणजे मराठवाड्यातला न पडलेला पाऊस घाटकोपरच्या पंपावर दिसला, आणि घाटकोपरच्या दाराशी आलेलं वादळ काही दिसलं नाही.

मग आपल्याकडे वादळाची किंमत भरतो कोण? त्यासाठीच मी हे सगळं गुऱ्हाळ लावलं आहे.

पहिलं नाव घ्यायचं ते पी-३०५ या तराफ्यावरच्या माणसांचं. मुंबईसमोरच्या समुद्रात हिरा नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथे काम करणाऱ्या वेल्डर, फिटर, रंगाऱ्यांना राहण्यासाठी हा तराफा उभा होता. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं. दुसऱ्या बोटीने ओढून न्यावा तेव्हा तो हलणार. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. तराफा तिथेच राहिला. रात्री नांगर तुटत गेले, तो भरकटून तेलविहिरीच्या एका फलाटावर आपटला, तळाला भोक पडलं आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाच्या आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या युद्धनौकांनी खवळलेल्या समुद्रातून जमेल तितक्यांना ओढून काढलं. पी-३०५ आणि त्याच वादळात बुडालेली वरप्रदा ही टगबोट मिळून ८६ जीव गेले. आपण त्या दिवसांत काय करत होतो? मुलुंड, दहिसर आणि बीकेसीच्या जंबो कोविड केंद्रांतले सुमारे ५८० रुग्ण खबरदारी म्हणून हलवले, हे वाचून महापालिकेचं कौतुक करत होतो. कौतुक रास्तच होतं. जमिनीवर ५८० माणसं हलवता येतात, मग समुद्रातली २६१ का नाही, हा प्रश्न दोन्ही बातम्या वाचूनही फारसा कोणी विचारला नाही.

जुनी आठवण द्यायची तर २६ जुलै २००५. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर इथल्या प्रत्येकाला पाठ आहेत. त्या रात्री कोण कुठे अडकलं, यावर उपनगरात एक अख्खं वाङ्मय तयार झालं आहे, आणि त्यातलं निम्मं विक्रोळीच्या पुलावर घडतं. पण २७ जुलैला मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या उत्तर फलाटावर काय झालं, ते किती जणांना माहीत आहे? समुद्र सुरक्षा या मदतनौकेवरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली. पावसाळी हवेत हेलिकॉप्टरने नेता येईना, म्हणून नौका फलाटाला लावून क्रेनने त्याला वर घ्यायचं ठरलं. लाटांनी नौका फलाटावर आपटली, वायूच्या नळ्या फुटल्या, आग लागली आणि दोनेक तासांत तो अवाढव्य फलाट समुद्रात कोसळला. २२ माणसं गेली. साडेतीनशेहून जास्त वाचली. बोटं कापलेला एक आचारी आणि बुडालेलं शहर, एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या कुठल्या भाषेत कादंबरी झाली असती. माझ्या वाचनात तरी मराठीत कथासुद्धा आलेली नाही.

दुसरं नाव वेसाव्याचं. अंधेरी पश्चिमेला मॉल संपले की कोळीवाडा लागतो. तिथल्या बोटीचा जमाखर्च समजून घ्या. फेरीला निघताना बर्फ, डिझेल आणि खलाशांचं रेशन भरावं लागतं, आणि यात सगळ्यात मोठी रक्कम डिझेलची. वादळाचा इशारा येतो, बिनतारी यंत्रावर परत फिरा म्हणून सांगतात, तांडेल बोट वळवतो. डिझेल जाताना जळलं, येतानाही जळलं, बर्फ वितळला, जाळ्यात काही नाही. २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. त्यातली क्यार आणि महा ही दोन तर दिवाळीच्या सुमारास एकापाठोपाठ, ऐन हंगामात. प्रत्येक इशाऱ्याला बोटी माघारी. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा सरकार मच्छीमार सोसायटीमार्फत देतं, पण तो कधी हाती पडेल हे विचारू नका. मे महिन्यातलं वादळ तर आणखी वाईट. १ जूनपासून मासेमारीबंदी लागणार, म्हणजे शेवटच्या फेऱ्या गेल्या. शिवाय मढ, गोराईला बांबूच्या आडव्या काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील एका रात्रीत भिजून काळे पडतात. ते बायकांचं भांडवल असतं. पावसाळ्याचे चार महिने त्यावर निघायचे असतात. इंधन आणि वादळ यांचं नातं बघायचं असेल तर या वहीत बघा, पंपाच्या फलकावर नको.

तिसरं नाव घाटकोपरचं. १३ मे २०२४ ची दुपार. चक्रीवादळ नव्हतं, वळवाआधीची धुळीची वावटळ होती. छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर काही जण तेल भरायला थांबले होते, काही पावसापासून आडोसा म्हणून छताखाली शिरले होते. त्यांच्यावर १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळला. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट. १७ माणसं मेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. हा फलक मोठ्या आकारासाठी विक्रमांच्या पुस्तकात गेला होता. कारभाराची आणि जमिनीच्या मालकीची फोडाफोड चौकशीवाल्यांनी करावी. मला एवढंच दिसतं की वळवाच्या वाऱ्यात आपलं हे होतं, तर निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागऐवजी वेसाव्याला टेकलं असतं तर काय झालं असतं? तेव्हा श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि आपण बाल्कनीतून वाट बघून ‘काहीच झालं नाही’ म्हणत आत गेलो.

चौथं नाव माहुलचं, त्याबद्दल थोडंच बोलतो. खाडीकाठी, सखल जमिनीवर १९५४-५५ पासून दोन तेलशुद्धीकरण केंद्रं उभी आहेत. तानसा जलवाहिनीच्या काठावरून उठवलेल्या आपल्या उपनगरातल्या कुटुंबांना नेऊन ठेवलं ते त्यांच्याच शेजारी. समोर जवाहर द्वीप, जिथे ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून डिझेलची टाकी पेटली आणि काही दिवस धुमसत राहिली. आपल्या रिक्षांचं पोटही त्याच बाजूला बांधलेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्ब्यात गॅसच्या मुख्य वाहिनीला इजा झाली, वडाळ्याचा पुरवठा तुटला आणि सीएनजीच्या पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या. तेव्हा समुद्र शांत होता, आकाश निरभ्र होतं; वादळात काय होईल, याचा विचार करा.

मराठीत पाऊस उदंड आहे, मित्रहो. खिडकीतला आहे, विरहाचा आहे, भज्यांचा तर विचारूच नका. मला तक्रार करायची नाही, मीही त्यातलं थोडंफार लिहिलं आहे. पण उपनगरी लेखकाच्या दारात वेसावे आहे, माहुल आहे, आणि समुद्रावर कंत्राटावर जाणारा वेल्डर त्याच्याच चाळीत भाड्याने राहतो. त्याला पंधरवड्याची पाळी कशी मिळते, तराफ्यावर झोपायला किती जागा असते, इशारा आल्यावर त्याला कोण सांगतं आणि कोण सांगत नाही, हे विचारायला लोकलचं तिकीट पुरतं.

स्मरणिकेचे संपादक पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना माझी जाहीर विनंती आहे. पुढच्या अंकात शुभेच्छांच्या जाहिराती चार कमी घ्या आणि ती पानं मढच्या, वेसाव्याच्या, माहुलच्या माणसांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतींना द्या. टिपून घेणारे हात या सभागृहात भरपूर आहेत. लेखन सुधारण्याच्या भानगडीत पडू नका, आकडे तेवढे तपासा. डिझेल किती भरलं, किती जळलं, परतावा कधी आला. खर्च कमी पडला तर अध्यक्षाचं मानधन, जे काही असेल ते, त्यात धरा.