कावेरीचे भात आणि लंकेचे ताट

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना कावेरीच्या खोऱ्यात पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. महाराष्ट्रातील संगीतप्रेमी श्रोत्याला हे नाव बहुधा पापनाशम शिवन ह्या रचनाकारामुळे परिचयाचे असते. पण अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्या गावी पाहण्यासारखी वस्तू आहे ती निराळीच. तेथील पालैवननाथाच्या शिवालयाच्या आवारात विटांनी बांधलेली एक प्रचंड गोल कणगी उभी आहे. सतराव्या शतकात, तंजावरच्या नायक राजांच्या अमदानीत ती बांधली गेली आणि तीत तीन हजार कलम धान्य मावत असे. देवळाच्या जमिनीचा वसूल भातातच येई, भातातच साठवला जाई आणि भातातच वाटला जाई. अशी कणगी जेथे बांधावी लागते तेथे खाऊन उरेल इतके पिकत असले पाहिजे, हे उघड आहे. आणि जेथे उरते, तेथे कोणी ना कोणी विकत घेणारा येऊन उभा राहतोच.

कावेरीकाठच्या भाताला असा एक गिऱ्हाईक फार जुन्या काळापासून लाभला होता. तो म्हणजे समुद्रापलीकडचे लंकेचे बेट. नागपट्टणच्या बंदरातून निघालेले गलबत अनुकूल वाऱ्यावर लवकरच त्या किनाऱ्याला लागे. डच लोकांनी १६५८ साली पोर्तुगीजांकडून नागपट्टण घेतले आणि त्याच साली लंकेच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीजांचा शेवटचा अंमलही संपविला. ह्या दोन घटना एकाच वर्षी घडल्या, ह्यात मोठा अर्थ आहे. दालचिनीच्या लोभाने लंकेत पाय रोवणाऱ्या डचांना आपल्या ठाण्यांतील शिबंदीला व मजुरांना खाऊ घालण्यासाठी बाहेरचा तांदूळ लागत होता आणि तो चोलमंडलाच्या किनाऱ्यावर मिळत होता. उलट दिशेने सुपारी आणि हत्ती येत. पुढे व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर आले, तेव्हा १६७६ मध्ये त्यांनीही नागपट्टण आणि भोवतालची गावे ह्यांविषयी डचांशी करार केला. मराठ्यांच्या राज्याचा लंकेच्या आयातीशी संबंध आला तो असा. ग्रंथसंग्रह आणि कीर्तनपरंपरा ह्यांच्या जोडीने तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासाचे हेही एक पान आहे; ते फारसे उलगडले जात नाही एवढेच.

तथापि त्या काळची आयात ही आजच्या अर्थाने परावलंबन नव्हती. बेटाच्या अंतर्भागातील खेडी आपल्या तळ्यांच्या पाण्यावर आपले भात पिकवीत होती. बाहेरून येणारा तांदूळ किनाऱ्यावरच्या शहरांपुरता असे. हे चित्र मुळापासून पालटले ते एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांनी डोंगरउतारावर कॉफीचे मळे लावल्यावर. १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या दोन दशकांत तो सारा धंदा बुडाला. परंतु तोपर्यंत जेम्स टेलर ह्या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ पासून चालविलेली चहाची लागवड यशस्वी ठरली होती. कॉफी गेली, चहा आला. मळा मात्र राहिला. आणि मळ्याबरोबर मजूरही राहिला. हा मजूर तंजावर, तिरुचिरापल्ली, मदुरा, पुदुक्कोट्टै ह्या भागांतून आलेला होता. ज्याच्या हाताखाली तो येई त्या मुकादमाला ‘कंगाणी’ म्हणत.

आता ह्या व्यवहाराची साखळी ध्यानात घ्यावी. मळेवाला मजुराला पगाराच्या हिशेबात तांदूळ देई. तो तांदूळ बेटावर पिकलेला नसे. प्रथम मुख्यतः हिंदुस्थानातून आणि पुढे वाढत्या प्रमाणात ब्रह्मदेशातून तो येई. ज्या शेतावर राबूनही पोट भरले नाही म्हणून माणूस देश सोडून गेला, त्या मुलुखाचे भातच पुष्कळदा समुद्र ओलांडून त्याच्या मागोमाग गेले आणि किंमत म्हणून त्याच्या मजुरीतून कापले गेले! मळेवाल्याच्या दृष्टीने हा हिशेब अगदी चोख होता. एका एकरात चहा लावला तर जो पैसा मिळतो त्यात कित्येक पट तांदूळ विकत घेता येतो. मग भात लावावे कशासाठी? पाठ्यपुस्तकातील तौलनिक लाभाचा सिद्धान्त ह्याहून वेगळे काही सांगत नाही. सिद्धान्त खोटा नाही. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो. चहा विकत घेणारा आणि तांदूळ विकणारा असे दोघेही सदैव आपापल्या दुकानात हजर राहतील, ही ती गोष्ट होय.

१९४२ साली तांदूळ विकणारा दुकानात नव्हता. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ थांबला. बेटावर शिधावाटप सुरू झाले आणि युद्ध संपल्यावरही ते उठले नाही. पूर्वी अडीअडचणीला कावेरीचे खोरे होते. पण आता तंजावरचे भात मद्रास इलाख्यालाच पुरेना. मेट्टूरचे धरण १९३४ मध्ये पुरे झाले होते, कुरुवै आणि सांबा ही दोन्ही पिके निघत होती. तरी स्वातंत्र्य मिळालेला भारत स्वतःच परदेशांच्या दारी धान्य मागत होता. अशा स्थितीत १९४८ साली स्वतंत्र झालेल्या सिलोनचे चित्र फार विलक्षण होते. चहा, रबर आणि नारळ ह्या तीन वस्तूंवर जवळजवळ सारी निर्यात उभी होती आणि आयातीचा फार मोठा हिस्सा अन्नावर खर्च होत होता. शेजारच्या देशांच्या मानाने हा देश सुखवस्तू वाटत असे. शिक्षण मोफत होते, दवाखाने होते, आणि शिधापत्रिकेवर स्वस्त तांदूळ होता. मात्र हे सारे सौख्य लंडनच्या चहाबाजारातील भावावर टांगलेले होते.

कोरियातील युद्धामुळे रबराचे भाव भडकले तेव्हा कोलंबोत सुबत्ता आली. १९५१ नंतर ते उतरले आणि तांदळाचे मात्र चढले. डिसेंबर १९५२ मध्ये सिलोनने चीनशी जो करार केला तो ह्या कोंडीतून निघालेला होता. पाच वर्षे दरसाल ५०,००० टन रबर द्यावयाचे आणि २,७०,००० टन तांदूळ घ्यावयाचा. रबराला जगाच्या बाजाराहून चढा भाव मिळाला. अमेरिकेला हा सौदा रुचला नाही आणि त्या देशाची मदत अडली. परंतु भुकेल्या देशाने कोणाच्या राज्यपद्धतीकडे पाहून तांदूळ घ्यावा, हा उपदेश पोट भरलेल्यांनाच सुचतो. कराराचे वेळोवेळी नूतनीकरण होऊन तो तीन दशके टिकला. (योगायोग असा, की त्याच महिन्यात रेडिओ सिलोनवरून हिंदी चित्रपटगीतांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला. आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव केला होता. तेव्हा तांदळासाठी दारोदार हिंडणारे ते बेट भारताला गाण्यांचा पुरवठा करू लागले. ज्याला जे कमी, ते तो बाहेरून आणणारच. मग सरकारी धोरण काहीही असो.)

करार झाला तरी तिजोरीवरचा ताण गेला नाही. शिध्याच्या तांदळाची खरेदीची किंमत आणि विक्रीची किंमत ह्यांतील तूट सरकार भरीत होते. १९५३ च्या उन्हाळ्यात अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने ह्यांनी ही तूट एकदम तोडली. पंचवीस सेंटांना मिळणारे मापभर तांदूळ सत्तर सेंटांवर गेले. शाळेतील मुलांचे दुपारचे खाणे बंद झाले, रेल्वेचे भाडे वाढले. १२ ऑगस्ट रोजी देशभर हरताळ पडला, रेल्वेचे रूळ उखडले गेले, गोळीबारात माणसे मेली. आणि मंत्रिमंडळाची बैठक कोलंबोच्या बंदरातील एका ब्रिटिश युद्धनौकेवर भरली. ऑक्टोबरात पंतप्रधान डडली सेनानायक ह्यांनी राजीनामा दिला. हिशेबाच्या वहीत अर्थमंत्र्यांचे म्हणणे बरोबर होते, असे मानणारे आजही आढळतील. परंतु आयात हा केवळ वहीतला आकडा नसतो. जी वस्तू दररोज ताटात पडते तिचा भाव एका रात्रीत जवळजवळ तिप्पट करणे ह्याला अर्थशास्त्र म्हणता येत नाही; तो अविचार होता. त्यानंतरच्या पिढीभर कोणत्याही पक्षाला तांदळाच्या मापाला हात लावताना हा प्रसंग आठवत राहिला.

साठाच्या दशकात चहाचे भाव खाली येत गेले आणि आयातीवर एकामागून एक निर्बंध बसू लागले. १९६४ च्या ऑक्टोबरात सिरिमाओ बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री ह्यांच्यात करार होऊन मळ्यांवरील ५,२५,००० लोकांना भारताने आपले म्हणावे असे ठरले. शंभर वर्षे निर्यातीचा चहा खुडणारी ही माणसे दोन देशांनी वाटून घेतली. आयात-निर्यातीच्या तक्त्यांत माणसांचा रकाना नसतो, म्हणून ही बाब अर्थशास्त्राच्या ग्रंथांत तळटिपेत जाते. वस्तुतः ती मजकुरातच असावयास हवी. सत्तराच्या दशकात तेल व धान्य दोन्ही महागली. पावासाठी रांगा लागल्या आणि सर्वांत अधिक उपासमार मळ्यांवर झाली. भात पिकविण्यास जागा नसलेला आणि रोख मजुरीवर जगणारा माणूस अशा वेळी प्रथम बळी पडतो.

१९७७ मध्ये सत्तेवर आल्यावर त्याच जयवर्धन्यांनी आयातीची दारे उघडली. महावेली नदीवर धरणे झाली, भाताची नवी वाणे आली, आणि दीडशे वर्षे जे घडले नव्हते ते हळूहळू घडले. तांदळाच्या बाबतीत बेट जवळजवळ स्वयंपूर्ण झाले. येथे श्रोत्याला वाटेल की प्रश्न सुटला. प्रश्न सुटला नाही. त्याने वेश बदलला. तांदळाची आयात घटली, पण तो पिकविण्यासाठी लागणारे खत आणि पंपाला लागणारे तेल परदेशी राहिले. गहू संपूर्ण बाहेरचा. मसूर, साखर, दुधाची भुकटी बव्हंशी बाहेरची. चहाची जागा तयार कपड्यांच्या निर्यातीने घेतली. परंतु त्या कपड्याचे कापड बाहेरून येते, म्हणजे निर्यात वाढविण्यासाठीही आधी आयात वाढवावी लागते. आणि ह्या सर्वांतील तूट पूर्वी स्टर्लिंगच्या शिलकीतून भरली जाई, ती आता पर्यटकांच्या, परदेशी कामाला गेलेल्यांच्या पैशातून आणि वाढत्या प्रमाणात व्यापारी दराने काढलेल्या कर्जातून भरली जाऊ लागली.

२०२० च्या साथीत पर्यटक येईनासे झाले. सरकारने मोटारींची आयात बंद केली. हळदीचीही बंद केली. हळद ही काही चैनीची वस्तू नव्हे. तिचे भाव कडाडले आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर होड्यांतून जाणारी हळदीची पोती पकडली जाऊ लागली. जेथून एके काळी उजळ माथ्याने तांदूळ जात असे, तेथून आता रात्रीच्या अंधारात हळकुंडे जाऊ लागली! मग मे २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली. कारण सेंद्रिय शेतीचे सांगण्यात आले. डॉलरची टंचाईही त्यामागे होती, असे मानण्यास भरपूर जागा आहे. नोव्हेंबरात बंदी मागे घेतली गेली, पण तोपर्यंत हंगामाचे नुकसान झालेच होते. खताचे डॉलर वाचविण्यासाठी निघालेला देश पुढच्या वर्षी लाखो टन तांदूळ डॉलर मोजून आणू लागला. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबविली. वापरता येईल असे परकीय चलन पाच कोटी डॉलरांहूनही कमी उरले असल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले, आणि जुलैत राष्ट्राध्यक्षांना देश सोडून जावे लागले.

भारताने त्या वर्षी सुमारे चार अब्ज डॉलरचे साह्य केले. तमिळनाडूच्या सरकारने ४०,००० टन तांदूळ आणि ५०० टन दुधाची भुकटी पाठवावयाचे ठरविले. त्यांपैकी ९,००० टन तांदूळ घेऊन पहिले जहाज १८ मे २०२२ रोजी चेन्नईहून निघाले. परंतु विकणाऱ्यालाही आपले घर असते. जुलै २०२३ मध्ये भारताने आपल्या बाजारातील भाव आवरण्यासाठी बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि ती २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा खुली केली. मालदीव ह्या त्याहून कितीतरी लहान बेटसमूहाने ह्यावर आधीच तोड काढून ठेवली आहे. १९८१ च्या व्यापारी कराराखाली भारत त्या देशासाठी जिनसांचा कोटा राखून ठेवतो. २०२४-२५ साठी त्यात १,२४,२१८ टन तांदूळ होता आणि अंडी, कांदे, बटाटे, इतकेच काय, दहा लाख टन नदीची वाळूही होती. बेट लहान असल्यामुळे त्याची मागणी भारताच्या बाजारात जाणवतही नाही. सव्वादोन कोटी लोकांच्या श्रीलंकेला ही सोय तशीच्या तशी लागू पडणार नाही. कोणत्या वस्तूला बाहेरचा पुरवठा चालेल आणि कोणती घरी पिकवावी किंवा साठवावी, हे तिला जिनसेगणिक ठरवावे लागेल.

२०२५ च्या आरंभी श्रीलंकेने मोटारींची आयात पाच वर्षांनी पुन्हा सुरू केली, कारण चलनाची गंगाजळी सहा अब्ज डॉलरांच्या वर गेली होती. पापनाशमच्या शिवारातले भात आता परदेशी जाण्यापूर्वी सरकारी खरेदी केंद्रावर मोजले जाते आणि बरेचसे राज्याच्या शिधादुकानांतच संपते. नागपट्टणहून कांकेसंतुरैला मात्र २०२३ च्या ऑक्टोबरात उतारूंची बोट पुन्हा सुटू लागली.