नातवंडांना सायकल देण्याआधी



आठवणी सांगणारे आज बरेच जण आहेत, म्हणून मी एकाच विषयावर बोलणार आहे : सायकल.

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते आपल्या पिढीने पाहिले आहे. महापालिकेचा बिल्ला, डायनॅमोचा दिवा, डबलसीट दिसली की पोलिसाची शिट्टी, हे सगळे तुम्हाला आठवत असेल. आज आपली नातवंडे मात्र रिक्षा-व्हॅनने शाळेत जातात. त्यांना सायकल नको असते असे नाही. आपल्याला रस्त्याची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही.

नेदरलँड्सचे नाव काढले की लोक म्हणतात, तिथल्या माणसांना सायकलची आवडच आहे. पण १९७१ साली त्या छोट्या देशात रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असेच त्या चळवळीचे नाव होते. १९७३ मध्ये तेलटंचाई आली आणि सरकारलाही विचार करावा लागला. पुढे सायकलींना वेगळे मार्ग मिळाले, वस्त्यांमधला वेग कमी झाला. तिथे माणसे बदलण्याची वाट पाहिली नाही, आधी रस्ते बदलले.

आपल्याकडेही २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. पण प्रत्यक्षात सायकल मार्गावर गाड्या उभ्या असतात, आणि जिथे खरी गरज तिथेच, म्हणजे चौकात, तो मार्ग संपतो.

महापालिका तिचे काम करील तेव्हा करील. आपण तिघांनाही सांगण्यासारखे काही आहे.

पहिले, गाडी चालवणाऱ्यांना. ताशी ५० च्या वेगातल्या गाडीच्या धडकेत ३० च्या मानाने पावणेतीनपट ऊर्जा असते. गल्लीत वेग कमी केला तर फार तर एखादे मिनिट जाते. गाडीतून उतरताना उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडा. आपोआप मान मागे वळते आणि येणारी सायकल दिसते.

दुसरे, सायकल चालवणाऱ्या मुलांना. ब्रेक, घंटी, पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा रोज तपासायचा. डोक्यावर हेल्मेट हवे. उभ्या गाड्यांपासून दाराएवढे अंतर ठेवायचे. वळण्याआधी मागे पाहून हात दाखवायचा. बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसायचे नाही, तिथली सायकल ड्रायव्हरला दिसत नाही.

तिसरे, आपल्या बॅचला. संमेलनाची वर्गणी उरली तर शाळेत छप्पर असलेला सायकल स्टँड बांधून देऊ. निवृत्त झालेल्यांनी शाळेभोवतीच्या रस्त्यांवरून एकदा चालत फिरावे, खड्डे, बंद दिवे आणि अडवलेले मार्ग लिहून घ्यावेत. त्या यादीवर आपण सगळे सह्या करू आणि ती क्षेत्रीय कार्यालयात नेऊन देऊ. उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा जाऊ. आता आपल्याकडे वेळ आहे.

यादी करायला कोण येणार, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्यावे.