नांदणाऱ्यांची साक्ष



ख्रिस्ती साहित्यिकांनी महानुभाव पंथाच्या रिद्धपुरात जमावं की नाही, यावर आपल्यात बोलायचं ते सगळं बोलून झालं आहे. ज्यांना यायचं नव्हतं ते आलेले नाहीत. मला हे व्यासपीठ एकदाच मिळणार आहे, तेव्हा इकडचं तिकडचं न बोलता एकच गोष्ट मांडतो. आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी देवाशी जुळलेल्या नात्याचा पहिला दिवस पुन्हा पुन्हा लिहिला, आणि त्यापुढचे हजारो दिवस लिहायचे सोडून दिले. आपली साक्ष बाप्तिस्म्याच्या पाण्याकडे चालत येते आणि पाण्यापाशीच थांबते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ कादंबरीपासून, म्हणजे १८५७ पासून, आपल्या लेखणीला धर्मांतराची वाट पाठ आहे. त्या वाटेवर चालणाऱ्यांनी घरदार, गणगोत, वाटणी सगळं सोडलं, म्हणून तिचं मोल मी कमी करत नाही. पण लग्न वाजतगाजत लावायचं आणि मुलगी सासरी नांदते की नाही हे कधी विचारायचंच नाही, असा कारभार कुठलं घर चालवतं? बाप्तिस्मा हे लग्न आहे. देवाशी नातं वाढतं ते नांदण्यात, आणि नांदणं हा विषय आपल्या साहित्यात, उपदेशात आणि मासिकांत जवळजवळ नाहीच.

पुरावा आपल्याच घरातला देतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, आता या बाईचं ख्रिस्ती होणं पूर्ण झालं. पण १९०७ साली आपल्या श्रद्धेची हकीकत लिहिताना त्यांनीच सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. आठ वर्षं! आणि ही कुणी कच्च्या मनाची बाई नव्हती. संस्कृतात पारंगत, बायबलाचा अभ्यास केलेली, सर्वस्व पणाला लावलेली विदुषी होती. आज आपल्या एखाद्या मंडळीत कुणी बहीण उभी राहून म्हणाली, की मी आठ वर्षं सभासद आहे पण प्रभूची ओळख अजून व्हायची आहे, तर तिच्यासाठी प्रार्थना होईल की तिच्याबद्दल कुजबुज, हे तुम्ही जाणता. रमाबाईंचा १८८३ चा बाप्तिस्मा आपल्या शाब्बाथशाळेच्या पोराला पाठ असतो. ती मधली आठ वर्षं कुणीच शिकवत नाही, आणि शिकवण्यासारखं खरं तिथेच आहे.

रमाबाई पुढे काय करत राहिल्या तेही पाहा. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि अख्खं बायबल एकटीने मराठीत आणायला बसल्या. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला कळावं असं त्यांना ते हवं होतं. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली-बाया होत्या. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ग्रंथ छापून बाहेर आला १९२४ मध्ये. त्या भाषांतरात काही ठिकाणी मराठी अडखळते, हे मी नाकारत नाही. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या हट्टापायी ती अडखळते. पण जे विद्वान त्या अडखळण्याकडे बोट दाखवून ग्रंथ बाजूला सारतात, त्यांनी एक सांगावं: एकेका शब्दापाशी दिवसच्या दिवस थांबणं म्हणजे देवाजवळ बसणं नव्हे, तर काय? मनन, मनन म्हणून आपण जे व्यासपीठावरून सांगतो, ते हेच. हे बायबल वऱ्हाडातल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात असायला हवं होतं. किती घरांत आहे? ते पुन्हा छापा, स्वस्तात द्या, असं मी जन्मभर म्हणत आलो आणि आजही म्हणणार.

दुसरा दाखला टिळक दांपत्याचा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. आपण तिथे फुलं वाहतो आणि निघतो. पण टिळकांना स्वतःला तिथे थांबावंसं वाटलं नाही. बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात घेतले. त्यावरून त्यांना त्या वेळी जी टीका ऐकावी लागली तीच त्यांचं नाव घेणाऱ्याला आज ऐकावी लागते, म्हणून त्यात शिरत नाही. मुद्दा एवढाच, की बावीस वर्षांनंतरही हा माणूस प्रभूच्या आणखी जवळ जायची वाट शोधत होता. आणि लक्ष्मीबाई! नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी त्यांनी सोडलं नव्हतं. मग एक दिवस जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. उत्तर मिळाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी चालेल असं ठरवलं. त्या वेळी त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता! देवाने त्या बाईला आधी पाण्याच्या तांब्यापाशी गाठलं, चर्चमध्ये नंतर. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मराठीत टिकलं त्याचं कारण माझ्या मते हेच आहे. त्यात धर्मांतर आहे, पण त्याच्या आगेमागे संसार आहे, रुसवे आहेत, भांडी आहेत, पोरकी पोरं आहेत आणि या सगळ्यांतून हळूहळू वाढत जाणारी श्रद्धा आहे. कुणी म्हणेल, मग लिहिलं की आपण नांदण्याबद्दल! हो, एका बाईने लिहिलं, १९३४ पासून. तेव्हापासून तेच एक नाव आपण दाखवत आलो.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा असता तर मी एवढा तापलो नसतो. अचलपूरला किंवा मूर्तिजापूरला आज जो विशीतला मुलगा मंडळीत बसतो, त्याच्या घरात बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या झाल्या. तो पाळण्यात असल्यापासून प्रार्थना ऐकत आला. त्याला उभं करून आपण म्हणतो, साक्ष दे. साक्षीचा साचा एकच ठरलेला आहे: मी अंधारात होतो, अमुक तारखेला प्रभू भेटला, आता मी उजेडात आहे. त्या बिचाऱ्याकडे अंधार नाही, तारीख नाही. मग तो अंधार शोधतो. पानाच्या ठेल्यावरची संगत, कधी चोरून पाहिलेला सिनेमा, हे त्याला पापाचं गाठोडं म्हणून उघडावं लागतं. खरं बोलायला उभ्या केलेल्या पोराला आपण देवाच्या घरात वाढवून-चढवून बोलायला शिकवतो. आणि त्याचं जे खरं आहे ते त्याला कुणी विचारत नाही: आजी गेली तेव्हा प्रार्थना जमेना, परीक्षेच्या वर्षी बायबल उघडलंच नाही, मग एका पहाटे पुन्हा उघडलं. संजीवन सभांच्या मांडवात काल रात्री किती हात वर झाले, याचे आकडे छापणाऱ्यांना मी विचारतो, ते हात सहा महिन्यांनी कुठे होते, हे एकदा तरी छापलंत का? मुक्तीतल्या १९०५ च्या जागृतीचं नाव तुम्ही घेता. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून मुक्तीतल्या बाया रोज प्रार्थनेला जमत होत्या, आणि जागृती आली ती जूनमध्ये. ते आधीचे महिने तुमच्या पत्रकातून गळतात.

बाहेरचा समाजही आपल्याला एकच प्रश्न विचारतो: तुम्ही केव्हा बाटलात? आपल्याला राग येतो, यावाच. पण आपणही स्वतःविषयी त्याच एका दिवसाबद्दल बोलत राहिलो, तर त्याने दुसरं काय विचारावं?

आता माझ्यावरचा मोठा आक्षेप घेतो, कारण तो प्रामाणिक माणसांचा आहे. ते म्हणतात, तारण कृपेने मिळतं. वाढा, रोज बसा, साधना करा म्हणणं म्हणजे मागच्या दाराने कर्मकांड आत आणणं. कृपा फुकट आहे, यात माझं दुमत नाही. पण फुकट मिळालेल्या घरातही राहावं लागतं. द्राक्षवेल आणि फाटे हा दाखला प्रभूने दिला तो फाट्याने वेल विकत घ्यावी म्हणून नाही, फाट्याने वेलीत राहावं म्हणून. गलतीकरांस पत्रात पौल स्वतः सांगतो, की दर्शनानंतर तो अरबस्तानात गेला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेस आला. दिमिष्काच्या वाटेवरच्या प्रकाशावर आपली प्रवचनं ढिगाने आहेत. त्या तीन वर्षांवर एक दाखवा.

आणि रोजच्या भक्तीचा अर्थ कळायला फार लांब जायला नको. इथून जवळ, परतवाड्याच्या बाजूला कोठाऱ्याचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे. कुष्ठरोगाने पाय बधिर झाला की काटा रुतल्याचं कळत नाही, चपलेतला खडा कळत नाही. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते, तरी दुखत नाही. म्हणून अशा रुग्णाला शिकवतात ते असं: रोज पाय पाण्यात भिजत ठेव, जाड झालेली कातडी खरवडून काढ, ओल्या पायाला तेल लाव, आणि तळवा वर करून डोळ्यांनी बघ, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. दुखेल तेव्हा बघू, असं म्हणायची सोय त्याला नाही. औषधाच्या गोळ्यांनी रोग जातो, पण गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही. पाय वाचतो तो या रोजच्या बघण्याने. बधिर झालेल्या मनालाही दुसरा इलाज मला माहीत नाही. क्षमा मिळालेल्या माणसाने रोज तळवा उलटून पाहणं याला कुणी कर्मकांड म्हणणार असेल, तर त्याने आधी कोठाऱ्यातल्या रुग्णासमोर जाऊन तसं म्हणावं.

राहिला रिद्धपूरचा आक्षेप. महानुभावांच्या गावात ख्रिस्ताचं काय, असं विचारलं गेलं. फरक मी झाकत नाही. त्यांचे पंचकृष्ण आहेत, आपला तारणारा एक आहे. तो उठला आणि त्याचा आत्मा आपल्यात आहे, ही आपली श्रद्धा आहे. पण फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्तपुराण ओवीत छापलं तेव्हा ओवी कुणाची, हा वाद घातला नाही. शिकण्यासारखं दिसलं तिथे शिकावं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांची माणसं इथे त्यांचे गुरू गोविंदप्रभूंजवळ येऊन राहिली. देव समोर असण्याला ते सन्निधान म्हणतात, नसण्याला असन्निधान. आणि असन्निधानात कसं जगायचं याचा त्यांनी जेवढा बारीक विचार केला, तेवढा आपण स्वर्गारोहणानंतरच्या आपल्या जगण्याचा केलेला नाही. चक्रधरांची शिष्या महदाइसेने इथे धवळे गायले, म्हणजे लग्नाचीच गाणी. पण ती लग्न गाऊन निघून गेली नाही. सेवेला राहिली, प्रश्न विचारत राहिली. आणि म्हाइंभट, जो मुळात वाद घालायला आलेला पंडित, तो माणसामाणसांकडे जाऊन विचारत सुटला: तुला काय आठवतं? स्वामी काय जेवले, कुठे बसले, कुणावर रागावले, सगळं त्याने टिपलं. ते ‘लीळाचरित्र’ झालं, मराठी गद्याचा आरंभ झाला. मोठं दर्शन झालेल्यांनाच विचारायचं, असं त्याने ठरवलं असतं तर हा ग्रंथ पानभरात संपला असता.

आपल्याकडे अजून म्हाताऱ्या आहेत. बायबल-बायांच्या, म्हणजे घरोघर जाऊन बायबल सांगणाऱ्या बायांच्या, लेकी, सुना, नाती. पहाटे उठून नावं घेत प्रार्थना करणाऱ्या, उपासनासंगीतातली टिळकांची भजनं पुस्तक न उघडता म्हणणाऱ्या, चाळीस वर्षांत कितीदा देव गप्प झाला आणि कितीदा बोलला हे नेमकं सांगू शकणाऱ्या. त्यांतल्या बहुतेकींना मंडळीत साक्षीला कुणी उभं केलेलं नाही, कारण सांगण्यासारखी तारीख त्यांच्याकडे नाही. मांडवाच्या दाराशी कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा. पहिल्या पानावर सांगणारीचं नाव आणि गाव लिहा. दोघींनी एकच गोष्ट वेगळी सांगितली तर दोन्ही लिहा, कुणाचीही भाषा सुधारू नका. आणि बाप्तिस्मा केव्हा झाला, हे तिने आपण होऊन सांगितलं तरच लिहा.