रक्तातला पहारा



जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात पाउल एर्लिश नावाचे शास्त्रज्ञ काम करत. रंगद्रव्यं वापरून रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार त्यांनी वेगळे ओळखून दाखवले होते. १९०८चं नोबेल पारितोषिक त्यांना आणि जंतू गिळणाऱ्या पेशी शोधणाऱ्या मेचनिकॉफ यांना मिळून दिलं गेलं. १९०९मध्ये एर्लिश यांचा एक विचार छापून आला. बिघडलेल्या पेशी आपल्या शरीरात वरचेवर तयार होतात; शरीर त्यांना आवर घालतं, म्हणूनच कर्करोग त्या मानानं कमी दिसतो. पण हा पहारा देतं कोण, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

एक महत्त्वाचं उत्तर मिळायला १९७५ उजाडलं. स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांना उंदरांमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या आधी कसलीही ओळख नसताना कर्करोगाच्या पेशी मारतात. त्यांना नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी म्हणतात. त्या आपल्याही रक्तात असतात.

त्यांची पारख मोठी विलक्षण आहे. जवळजवळ प्रत्येक निरोगी पेशीच्या अंगावर ‘मी इथलीच’ असं सांगणारी खूण असते. टी पेशी नावाच्या दुसऱ्या पहारेकरी पेशींच्या नजरेतून सुटण्यासाठी कर्करोगाची पेशी पुष्कळदा ही खूण लपवते. एनके पेशीला नेमका तिथेच संशय येतो. ती बिलगते, समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडते आणि आत अशी द्रव्यं सोडते, की ती पेशी आतून कोसळते. महाभक्षी पेशी तिचे अवशेष गिळून जागा साफ करतात.

एर्लिश ज्या गेऑर्ग श्पायर संस्थेचे संचालक होते, त्याच संस्थेत पुढे एनके पेशींना मेंदूतल्या एका घातक गाठीचं लक्ष्य ओळखायला शिकवलं गेलं. फ्रँकफर्टमध्ये रुग्णांवर त्यांच्या पहिल्या चाचण्याही झाल्या. हा अजून खात्रीचा इलाज नाही, पण वाट दिसली आहे.

मात्र गाठ वाढली, की ती या पहारेकऱ्यांनाही निष्प्रभ करते. तेव्हा मंडळी, तंबाखू सोडा. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, अंगावर नवी गाठ हाताला लागली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. डॉक्टरांकडे जा. शरीर आपलं काम रात्रंदिवस करतच असतं. वेळेवर तपासणी करून घेणं हे काम आपलं आहे.