टिपणातील शिवार



दुष्काळी वर्षी उजनी जलाशयाचे पाणी फार ओसरले की इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. १९८० च्या सुमारास भीमाकाठची अनेक गावे या जलाशयात गेली. मंदिर आजही अधूनमधून दिसते. परंतु त्याच्या आसमंतातील बांध, विहिरी, ओढे व गाडीवाटा यांचा माग घ्यावयाचा तर जुन्या, हाताने काढलेल्या नकाशांकडेच वळावे लागते.

मुंबई इलाख्यातील नव्या शेतवार मोजणी-आकारणीचा पायाही याच तालुक्यात घातला गेला. प्रिंगल यांची आधीची आकारणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास येथे ती पद्धती सुरू केली. या पद्धतीत मोजणीदार ३३ फुटांची साखळी घेऊन शेतात उतरे. साखळीच्या सोळा भागांना आणे म्हणत. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ही मापे आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. शेतातच उतरविलेल्या कच्च्या आकृतीस टिपण म्हणतात. मधली रेषा आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंस घेतलेली अंतरे त्यावर आकड्यांत नोंदलेली असतात. आकृती मात्र प्रमाणबद्ध नसते. नवखा अभ्यासक नेमका येथेच फसतो. तो रेषेवर विश्वास ठेवतो, आकड्याकडे पाहत नाही.

दुसरीही एक सावधगिरी हवी. हा नकाशा साऱ्यासाठी काढलेला आहे. ज्या जमिनीवर आकार बसावयाचा, तिचा बांध न् बांध मोजला गेला. डोंगर, माळ व पोटखराबा यांविषयी तो हात राखूनच बोलतो. ती उणीव भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे भरून काढतात. एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या त्या नकाशांवर टेकड्यांचे उतार, नदीचे पात्र आणि वाटा दिसतात. शेताची हद्द दिसत नाही. म्हणून दोन्ही शेजारी ठेवूनच जुना भूभाग वाचावा.

ओढा कोठून वाहत होता, शिवरस्ता किती रुंद होता, हे प्रश्न ग्रामसभेत आजही भांडण लावतात. टिपणाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून मागता येते. शिक्षकांनी ती घेऊन विद्यार्थ्यांसह शिवारफेरी काढावी, सोबत गावातील एखादा वृद्ध असावा. जेथे नकाशात ओढा आहे आणि जागेवर सपाट वावर आहे, तेथे थांबून त्या वृद्धास विचारावे.