गाण्याच्या कॉम्प्युटरची किल्ली

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



गेल्या पावसाळ्यापासून आपल्या स्टेशनवर जे फोन येतात, त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. महिला भजनी मंडळांकडे, बचत गटांच्या संघांकडे आता रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर आलाय. कुणाला देणगीत मिळाला, कुणी शहरातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतून जुना विकत घेतला. चार महिने झकास चालतो. मग एक दिवस गाण्याचं सॉफ्टवेअर उघडायला जावं, तर पडद्यावर इंग्रजी चौकट येते, लायसन्स सापडत नाही म्हणते आणि पुढे काही होतच नाही. गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला बोलावलं जातं. तो दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’

आज त्या चौकटीबद्दल बोलायचंय. आणि सगळ्यात आधी सांगते, फॉरमॅट मारू देऊ नका. का, ते बोलता बोलता कळेल.

आधी डोंगल म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे डोंगल म्हटलं की नेट चालवायचं ते पांढरं यंत्र डोळ्यांपुढे येतं, सिमकार्ड घालायचं. हे ते नव्हे. गाण्याच्या महागड्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं डोंगल दिसतं पेनड्राइव्हसारखं, पण त्यात फाइल ठेवता येत नाही. त्यात एक चिप असते आणि त्या चिपमध्ये परवाना लिहिलेला असतो. सॉफ्टवेअर उघडताना विचारतं, किल्ली आहे का? असली तर आत घेतं. मध्येच उपटून काढली तर कामही थांबवतं. प्रो टूल्स नावाचं जे मोठं सॉफ्टवेअर आहे, त्याची किल्ली आयलॉक. क्यूबेस नावाच्या जर्मन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांना ई-लायसन्सर नावाची किल्ली लागायची.

कंपन्यांनी हे का केलं, हेही समजून घेऊ. आपल्या एखाद्या बाईची ओवी कुणी मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःच्या नावाने इंटरनेटवर टाकली, तर आपला जीव जळतो ना? तसंच त्यांचं. फुकट नकला होऊ नयेत म्हणून कुलूप. पण माझं मत विचाराल, तर ह्या कुलपाचा त्रास चोरापेक्षा पैसे भरलेल्या माणसालाच जास्त होतो. चोर कुलूप तोडून मोकळा होतो, किल्ली सांभाळत बसतो तो आपण.

आता चौकट आली तर काय करायचं. घाबरून ती बंद करू नका, मोबाइलवर तिचा फोटो काढा. तिच्यात बहुधा एक आकडा असतो. पुढे कुणालाही विचारायचं झालं, तर तोच आकडा कामाला येतो.

मग डोंगल ज्या यूएसबीच्या खाचेत आहे तिथून काढून दुसऱ्या खाचेत लावा. एका खाचेच्या चार करणारा जो फाटा मिळतो, त्यात लावलेलं असेल तर सरळ कॉम्प्युटरला लावून बघा. स्वस्तातल्या फाट्यातून वीज कमी पडते आणि डोंगल ओळखलं जात नाही. आयलॉकवर बारीक दिवा असतो, तो लागतो का बघा. दिवा लागत नसेल, तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही लागला नाही तर डोंगल गेलं. तिथे लागला तर दोष आपल्या खाचेचा.

दिवा लागतोय, तरी चौकट येतेय? मग मधला माणूस झोपलाय. म्हणजे असं, की डोंगल आणि गाण्याचं सॉफ्टवेअर यांच्यामध्ये एक छोटं सॉफ्टवेअर असतं, लायसन्स मॅनेजर. आयलॉकचं वेगळं, दुसऱ्या कंपन्यांचं वेगळं. विंडोजने रात्रीतून स्वतःला अपडेट करून घेतलं की कधी कधी हा मधला माणूस उठत नाही. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. नाही जमलं तर त्या कंपनीच्याच साइटवरून लायसन्स मॅनेजर उतरवून पुन्हा बसवा. त्याने डोंगलमधला परवाना पुसला जात नाही, म्हणून भिऊ नका.

आणि आता एक कारण सांगते, जे शहरातल्या कॉम्प्युटरवाल्यांना चटकन सुचत नाही. आपल्याकडे दिवसातून चारदा लाईट जाते, त्यामुळे ते आपल्यालाच नीट कळतं. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते. सीआर २०३२ तिचं नाव, तीन व्होल्टची. लाईट नसतानाही घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. जुन्या कॉम्प्युटरची ही बॅटरी संपली, की लाईट जाऊन आल्यावर त्याची तारीख भलत्याच सालावर जाऊन बसते. लायसन्स तपासणारं सॉफ्टवेअर तारीख बघतं. मुदतीचं लायसन्स असेल तर हिशोब चुकतो, आणि इंटरनेटवरून तपासणी करायची असेल तर समोरचा सर्व्हरच दार उघडत नाही. तेव्हा चौकट आली की पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख आधी वाचा. चुकीची असेल तर दुरुस्त करा, आणि ती बॅटरी बदलून घ्या. घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळते. आमच्याकडे आलेल्या एका गटाने मुलखाचा खटाटोप केला होता, दोन माणसं बोलावली होती. निघाली ही बॅटरी.

सगळीच लायसन्सं डोंगलमध्ये नसतात. काही थेट कॉम्प्युटरला बांधलेली असतात. सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरची ओळख नोंदवून ठेवतं. आता फॉरमॅट मारला किंवा मदरबोर्ड बदलला की तो कॉम्प्युटर त्याला परका वाटतो. किती कॉम्प्युटरवर चालवायचं याची मर्यादा असते, एक-दोन-तीन. जुना कॉम्प्युटर आधी रीतसर सोडवला नाही, तर तो एक आकडा फुकट अडकून बसतो. मग कंपनीला ईमेल करा, वाट बघा. म्हणून म्हटलं, फॉरमॅटला घाई नको. आधी लायसन्स मॅनेजर उघडून ‘डिअॅक्टिव्हेट’ करायचं, मग पुढचं.

तिसरा प्रकार क्लाउडचा. परवाना इंटरनेटवर ठेवलेला. ऐकायला बरं, डोंगल सांभाळायला नको. पण आयलॉकच्या क्लाउडला काम चालू असेपर्यंत नेट लागतं. आपल्या गावात टॉवरची रेंज ढगांवर अवलंबून, तिथे गाणं रंगात आलं असताना नेट गेलं तर काय? आपल्यासाठी डोंगलच बरं. आणि डोंगल कॉम्प्युटरच्या पुढे शिंगासारखं बाहेर आलेलं ठेवू नका. झाडू लागतो, लेकरांचा पाय लागतो. वीतभर लांबीची चांगली यूएसबी वायर घ्या आणि ते मागच्या बाजूला आडोशाला बांधून टाका.

आता मोडलंच तर? मोडकं डोंगल फेकायचं नाही. आयलॉक मोडलं तर मोडका तुकडा दाखवून परवाना नव्या डोंगलवर आणता येतो, त्याला पैसे आणि दिवस लागतात. हरवलं किंवा चोरीला गेलं तर फार अवघड. विम्यासारखं वर्षाचं संरक्षण आधी घेतलेलं असेल तर सोडवणूक होते, नाहीतर काही सॉफ्टवेअरं नव्याने विकत घ्यायची पाळी येऊ शकते. चपलेएवढ्या वस्तूचा दरवाजा सोन्याचा, अशातली गत.

क्यूबेसचं वेगळंच झालंय, आणि जुनं सामान घेणाऱ्यांनी इकडे कान द्या. २०२२ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून त्या कंपनीने डोंगल सोडून दिलं. मे २०२५ मध्ये जुन्या ई-लायसन्सरची सेवाही बंद केली. ज्या डोंगलवर परवाना आधीच आहे, ते चालतं तोवर चालेल. पण तो परवाना दुसरीकडे हलवणं, नव्या आवृत्तीत बदलून घेणं आता होत नाही. त्यामुळे कुणी म्हणालं, ‘ताई, डोंगलसकट क्यूबेस देतो, स्वस्तात घ्या’, तर समजून घ्या की उतरतीला लागलेला बैल विकतोय.

जुनं विकत घेताना दुसरी गोष्ट. डोंगल हातात आलं म्हणजे मालकी आली असं नाही. मालकी कंपनीच्या खात्यात नोंदलेली असते, सातबाऱ्यासारखी. विकणाऱ्याने आपल्या खात्यातून तुमच्या खात्यात परवाना वर्ग केला पाहिजे. काही कंपन्या त्याचे पैसे घेतात, काही परवानगीच देत नाहीत. व्यवहार करायच्या आधी हे विचारा, आणि दोघांनी एकत्र बसून खातं उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खात्याचाच आमचा अनुभव सांगते. सॉफ्टवेअर नवंच घेतलं होतं, बिलही पक्कं होतं. पण ज्या विक्रेत्याने बसवून दिलं, त्याने खातं उघडताना आपलाच ईमेल घातला. आमचं सोपं व्हावं म्हणून, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षांनी त्याने दुकान बंद केलं, नंबर बदलला, आणि पासवर्ड त्याच्यासोबत गेला. पैसे आमचे, नाव त्याचं. बिल आणि सिरियल नंबर जपून ठेवला होता म्हणून कंपनीशी पत्रव्यवहार करून ते सुटलं, पण सव्वा महिना गेला, आणि तेवढ्या दिवसांत दोन कार्यक्रम आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड केले. तेव्हापासून ठराव केलाय. गटाचा स्वतःचा ईमेल, तो गटाच्या फोनला जोडलेला. बिल, सिरियल नंबर, खात्याचं नाव आणि पासवर्ड असलेला बंद लखोटा, सगळं दप्तरात, ठरावाच्या वहीशेजारी. अध्यक्ष बदलली की पासबुकाबरोबर हा लखोटाही नव्या बाईच्या हाती.

मध्येच कुणीतरी पोरगा म्हणेल, ‘एवढं कशाला, क्रॅक टाकून देतो.’ क्रॅक म्हणजे कुलूप तोडलेली प्रत. फुकट असते, पण बहुतेकदा बरोबर व्हायरस घेऊन येते, आणि त्याच कॉम्प्युटरवर गटाचा हिशोब, बायकांची आधारकार्डं, खाते क्रमांक असतात. कायद्याचंही ऐकून ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमात, चोरीची प्रत माहीत असून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलाय. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायाधीश कैद टाळू शकतात, पण गट पैसे घेऊन रेकॉर्डिंग करून देत असेल तर तो धंदाच झाला.

आता मला जे खरं सांगायचं होतं तिथे येते.

आमच्या तालुक्यातल्या एका गावी बायकांनी दोन उन्हाळे बसून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. अकरा म्हाताऱ्या, सगळ्या सत्तरीपुढच्या. दिवाळीनंतर त्यांतली एक गेली. तिच्या लेकीला आईचा आवाज हवा होता, तेराव्याला लावायला. कॉम्प्युटर उघडला तर डोंगल मोडलेलं. बायका रडवेल्या होऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, आवाज आत कोंडला गेला.

तर मैत्रिणींनो, आवाज कोंडला जात नाही. डोंगल सॉफ्टवेअरला कुलूप घालतं, आवाजाला नाही. आपण रेकॉर्ड करतो तेव्हा आवाज साध्या वेव्ह फाइलमध्ये जाऊन बसतो. क्यूबेसच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘ऑडिओ’ नावाचं फोल्डर असतं, प्रो टूल्सच्या फोल्डरमध्ये ‘ऑडिओ फाइल्स’ नावाचं. ते उघडायचं. आत तुकडे दिसतील, नावं वेडीवाकडी असतील, पण एकेकावर दोनदा क्लिक केलं की कॉम्प्युटरचा साधा प्लेअरसुद्धा वाजवतो. कोणता तुकडा कुठे जोडला होता, कुठे आवाज कमी केला होता, ते जुळवलेलं काम मात्र डोंगलशिवाय दिसत नाही. ते पुन्हा करावं लागतं. त्या गावच्या बायकांना आम्ही हे फोल्डर उघडून दिलं. तिसऱ्याच फाइलला त्या माउलीचा आवाज लागला, आधी खोकली, ‘थांब गं, पाणी दे’ म्हणाली आणि मग ओवी सुरू झाली. लेक म्हणाली, ते पाणी मागणं कापू नका.

आणि मोबाइलवाल्याने फॉरमॅट मारला असता, तर हेच फोल्डर गेलं असतं.

म्हणून काम संपलं की त्याच दिवशी प्रत्येक बाईचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड वेव्ह फाइल करून वेगळा काढा. सॉफ्टवेअरमध्ये त्याला ‘एक्सपोर्ट’ म्हणतात. दोन कानांसाठीची साधी स्टीरिओ फाइल मिनिटाला साधारण दहा एमबी जागा खाते, म्हणजे तासाभराला सहाशे. आजच्या हार्डडिस्कला ते काहीच नाही. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क दुसऱ्या बाईच्या घरी. फाइलच्या नावात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तारीख घाला. आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातही कुठल्या गावची, कुणाची ओवी ही नोंद आहे, म्हणून आज नातींना आजी सापडते.

शेवटी, परवा एका ताईंनी फोनवर विचारलं, आम्ही अजून काहीच घेतलेलं नाही, काय घेऊ? त्यांना जे सांगितलं तेच सांगते. बोलणं, ओव्या, भजन, मुलाखत, एवढंच काम असेल तर ऑडॅसिटी बसवा. २००० सालापासून आहे, फुकट आहे, कायदेशीर फुकट, डोंगल नाही की लायसन्स नाही. पेटी, तबला, टाळ, चार-पाच माइक वेगवेगळे घेऊन गाणं बांधायचं असेल तर रीपर बघा. ते साठ दिवस वापरून बघता येतं, आणि विकत घेतल्यावर एक छोटी फाइल मिळते, तीच किल्ली. ती फाइल ईमेलमध्येही ठेवता येते आणि पेनड्राइव्हवरही, झाडूने मोडत नाही. प्रो टूल्स शहरातल्या स्टुडिओबरोबर रोज देवाणघेवाण असेल तरच.

पुढच्या बुधवारी आपण माइकच्या वायरी आणि खरखर यावर बोलू. ज्यांच्याकडे चौकट आलीय, त्यांनी फोटो काढून स्टेशनच्या नंबरवर पाठवा. तारीख बघूनच पाठवा हं.